कोंबडीला विष, खुराड्याला अभय

गावरान अंड्याच्या भक्तांनी हा लेख जेवण झाल्यावर वाचावा. जेवताना वाचला तर पुढ्यातलं आम्लेट गार होईल आणि खापर माझ्यावर फुटेल.

पोल्ट्रीच्या अंड्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजून आपण हे अंडं घेतो. का, तर म्हणे कोंबडी मोकळी हिंडते, किडे टिपते, तिला इंजेक्शन नाही, औषध नाही, सगळं कसं नैसर्गिक. विकणारा तसं सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. मी कोकणात राहतो, परसात कोंबड्या पाळतो, आणि वाडीवाडीतली खुराडी आतून पाहिलेली आहेत. म्हणून सांगतो, त्या नैसर्गिक कोंबडीला परवाच कापसावरच्या अळीसाठी बनवलेल्या औषधाच्या बादलीत मानेपर्यंत बुचकळून काढलेलं असतं. अंगावरच्या पिसवा जाव्यात म्हणून. आणि मौज अशी की बऱ्याचदा ज्याने तिचं रक्त प्यायलं तो तिच्या अंगावर नसतोच. तो तिच्या बसायच्या दांडीच्या भेगेत आरामात झोपलेला असतो. त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. बुचकळली जाते ती कोंबडी, आणि दुसऱ्या दिवशी अंडं घालते तीही कोंबडीच.

कृषी सेवा केंद्रात काय चालतं ते पाहा. माणूस काउंटरला टेकतो आणि म्हणतो, "कोंबड्यांना पिसवा झाल्यात, काहीतरी द्या." दुकानदार विचारत नाही की त्या दिसतात कुठे, दिवसा की रात्री, कोंबड्या अंड्यावर आहेत की पिल्लं आहेत. तो मागे वळतो आणि फळीवरून जे लवकर खपवायचं आहे ते पुढ्यात ठेवतो. सायपरमेथ्रिन असेल, क्लोरपायरिफॉस असेल, गाईच्या गोचिडांसाठी आलेलं डेल्टामेथ्रिन असेल. "एक बूच बादलीत टाका, काका." झालं, डॉक्टरी संपली. लेबलावर हेक्टरी किती मिली ते छापलेलं असतं, पिकांची नावं असतात. कोंबडीचं नाव त्यात नसतं, कारण बनवणाऱ्याच्या स्वप्नातही ती आलेली नसते. पण बूच हे आपलं राष्ट्रीय माप आहे. कुठल्या बाटलीचं बूच, केवढी बादली, हे ज्याने त्याने आपापल्या हिमतीवर ठरवायचं.

म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी अजून गॅमेक्सिन असतं. ते बीएचसी, त्यावर १९९७ मध्येच बंदी आली. त्याचाच शुद्ध अवतार लिंडेन, त्याचा वापर २०१३ मध्ये थांबवला गेला. मधल्या पिढीला नुवान पाठ आहे. ढेकणाला नुवान, झुरळाला नुवान, कोंबडीला नुवान. ते म्हणजे डायक्लोरव्हॉस, आणि त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. बंदी सरकारी कागदावर आली, लोकांच्या जिभेवर नाव तेच राहिलं.

आणि एक पावडर आहे, सेविन. म्हणजे कार्बारिल. अमेरिकेत परसातल्या कोंबड्यांच्या पिसांत ही वर्षानुवर्षं भुरभुरली गेली. जगभरच्या हौशी पाळणाऱ्यांनी ते पाहून तेच केलं. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री जो मिथाइल आयसोसायनेट सुटला, तो याच सेविनसाठी साठवलेला होता. एवढं शहर मेलं, आंधळं झालं, खोकत राहिलं, आणि त्या पावडरीवर भारतात बंदी कधी आली? २०१८ मध्ये. ३३ वर्षं उलटून गेल्यावर. त्यामुळे 'दुकानात मिळतं म्हणजे चालतंच की' असं मला कोणी ऐकवलं, की मी त्याच्याशी पुढे बोलत नाही.

बुचाने मोजलेल्या विषाचा हिशेब कोंबडी तिथल्या तिथे देते. तोंडातून लाळ, पाय पसरलेले, मान मुरडलेली. मग घरात निदान होतं, "मानमोडी आली वाटतं." मानमोडी म्हणजे राणीखेत रोग; त्याच्या नावावर किती विषबाधा खपल्या असतील, देव जाणे. उरलेल्या कोंबड्या जगल्या की मालक म्हणतो, औषध लागू पडलं. हे सगळं करताना त्याच्या हातात मोजे नसतात, तोंडाला फडकं नसतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्याच जातीची औषधं आपण बंद पडवीत, पोरांच्या समोर, फडफडणाऱ्या पक्ष्याच्या अंगावर चोळतो. पक्षी पंख झटकतो, शिंतोडे पोराच्या तोंडावर. पोर हसतं. आपणही हसतो.

आता जरा त्या किड्यांकडे पाहू, कारण ते पाहायचं कष्ट कोणी घेत नाही हेच माझं भांडण आहे.

आपण सरसकट 'पिसवा' म्हणतो त्यातले ऊ आणि माइट हे दोन वेगळे प्राणी आहेत. उवेला सहा पाय, माइटला आठ. हा फरक परीक्षेपुरता. कामाचा फरक असा की त्यांचे पत्ते वेगळे आहेत. कोंबडीची ऊ जन्मते कोंबडीवर आणि मरते कोंबडीवर. पिवळसर, गवताच्या रंगाची, शेपटीखाली आणि अंडं बाहेर येतं त्या जागेभोवती पिसं बाजूला केली की कातडीवरून सुर्रकन पळते. पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे गठ्ठे चिकटलेले असतात, साखर ओली होऊन घट्ट बसावी तसे. ती मुख्यतः कातडीचा कोंडा आणि पिसं कुरतडते. अंड्यापासून अंडं घालणाऱ्या उवेपर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांचा, आणि कोंबडीवरून खाली पडली तर आठवडाभरात संपते. ती माणसाच्या डोक्यात राहत नाही. खुराडं झाडून आल्यावर घरातल्या बायामाणसांनी उवांच्या शाम्पूने डोकी धुतलेली मी पाहिली आहेत. शाम्पूवाल्याचं भलं झालं, इतकंच.

लाल माइटचं सगळंच उलटं. ती दिवसा कोंबडीवर सापडायची नाही. दांडी जिथे भिंतीत शिरते ती खोबण, फळ्यांमधली फट, खिळ्याच्या डोक्यामागची जागा, घरट्याच्या टोपलीची वीण, हे तिचं घर. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की ती बाहेर येते, पायांवरून चढते, रक्त पिते आणि उजाडण्याआधी परत. उपाशी असली की करडी, प्यायली की लाल. उन्हाळ्यात तिची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते. खुराडं रिकामं टाकलं तरी ती मरत नाही, अन्नावाचून महिनेच्या महिने तग धरते. कोंबड्या विकल्या, सहा महिन्यांनी नव्या आणल्या, आणि पहिल्याच आठवड्यात तुरे फिके पडले, असं होतं ते यामुळे. मग मालक नव्या कोंबड्या विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो.

यात आणखी एक भर. आपल्यासारख्या उष्ण मुलखात एक वेगळी माइट असते. ती पक्ष्याच्या अंगावरही राहते आणि घरट्यातही वाढते. पिल्लं घरट्यातून उडून गेली की ती भुकेने बाहेर पडते आणि माणसाला चावते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये एसीच्या मागे पारव्यांनी घरटं केलेलं असतं आणि आत झोपणाऱ्याच्या अंगाला रात्रभर खाज. तो ढेकूण समजून गाद्या जाळतो, पेस्ट कंट्रोलवाला येऊन पैसे घेऊन जातो, आणि एसीमागचं घरटं तसंच. म्हणजे पत्ता न पाहता मारायची ही खोड खेड्यातल्या माणसाची एकट्याची नाही. शहरातले सुशिक्षितही त्यात पुढे आहेत.

देशावर याच्या जोडीला गोचीड आहे. मातीच्या भिंतीच्या भेगांत दिवसभर दडणारी, रात्री येऊन पिणारी, आणि उपासाच्या बाबतीत माइटलाही लाजवणारी. वर्षानुवर्षं उपाशी राहू शकते. ती नुसतं रक्त पीत नाही, स्पायरोकीटचा ताप देऊन कोंबड्या मारते. तिच्यासाठीही बुचकळणं तेवढंच व्यर्थ, कारण मोठी झालेली गोचीड दिवसा कोंबडीवर नसते.

तर मुद्दा साधा आहे. उवा असतील तर इलाज कोंबडीवर. लाल माइट असेल तर इलाज खुराड्यावर. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, रात्री बॅटरी लागते. कोंबड्या बसल्यावर तासाभराने पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगाने घट्ट पुसत न्यायचं. लाल फराटे उठले की समजायचं. पण रात्री आठनंतर आपल्याला मालिका असतात.

कोंबडी मात्र सांगत असते. संध्याकाळ झाली की ती खुराड्यात शिरत नाही. दाराशी घुटमळते, आत डोकावते, मागे फिरते आणि फणसावर जाऊन बसते. घरधनी म्हणतो, रानटी झाली. मग पोरांना पिटाळून, काठीने हाकून, पंख धरून तिला आत कोंबतात आणि वरून दगड लावतात. ज्या रात्री कोंबत नाहीत त्या रात्री रानमांजर येऊन फणसावरची कोंबडी नेतं आणि आपण वनखात्याला शिव्या देतो. त्या मुक्या जिवाने आत काय आहे ते आठ-पंधरा दिवस आधी सांगितलं होतं. अंड्याच्या कवचावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, ते चिरडलेल्या माइटचे असतात. तेही धुऊन टाकतात आणि अंडं टोपलीत.

सगळ्यात वाईट गत खुडूक कोंबडीची. तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो आणि चढू दे. एकवीस दिवस ती अंधाऱ्या कोपऱ्यात, भाताच्या पेंढ्यावर, हलत नाही. दिवसातून एकदा उठते, दाणापाणी घेते, परत बसते. एरवीची कोंबडी निदान दिवसभर बाहेर असते, मातीत लोळते, अंग झटकते. हिला ते नाही. ऊब आहे, अंधार आहे, रक्त जागेवर आहे. माइटला याहून काय हवं? तुरा आधी गुलाबी, मग पांढुरका होतो. काही कोंबड्या पंधराव्या-सोळाव्या दिवशी अंडी सोडून पळतात. त्यांना आपण 'बिनकाळजाची' म्हणतो. ज्या पळत नाहीत त्या कधीकधी अंड्यांवरच मरतात. मग नजर लागली, बाधा झाली, बसवताना मुहूर्त चुकला. एकदा तरी कोणी ती टोपली उलटी करून तिच्या विणीत पाहिलं का? मेलेली कोंबडी पुरतात, टोपली मात्र उन्हात दोन दिवस ठेवून जपून ठेवतात, 'चांगली आहे' म्हणून. आणि पुढच्या खुडूक कोंबडीला त्याच टोपलीत, त्याच कोपऱ्यात, कधीकधी त्याच पेंढ्यावर बसवतात. खुडूक बसवायच्या आधी पेंढा जाळायचा आणि टोपलीवर उकळतं पाणी ओतायचं, एवढं केलं तरी अर्धं काम होतं. याला खर्च शून्य. म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. फुकटच्या उपायावर आपला विश्वास नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो, कारण नाहीतर ते खूश होतील. ही मंडळी शहरातून जमीन घ्यायला आलेली, फार्मस्टेच्या पाटीखाली दहा कोंबड्या पाळणारी. यांना रसायन नको. यांच्या खुराड्यावर कडुनिंबाच्या डहाळ्या लटकतात, पाण्यात लसूण पडतो, सफरचंदाचं व्हिनेगर पडतं. कोणत्या तरी व्हिडिओतल्या कुक्कुटाचार्याने सांगितलेलं असतं. माइट त्या डहाळ्यांच्या खाली बसून रक्त पिते. मग ऑनलाइन एक पांढरी पावडर मागवतात, डायटमचं चूर्ण. ती खरी आहे, कोरड्या हवेत ती किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर घालवून त्याला वाळवते. पण कोरड्या हवेत. कोकणात जूनपासून भिंतीला घाम फुटतो, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथे ही पावडर दोन दिवसांत लगदा होते. वर ती हवेत उडाली की कोंबडीच्या आणि आपल्या छातीला बरी नाही. पण पाकिटावर हिरवं पान छापलंय ना? मग झालं.

यातल्याच एकाने कडकनाथ आणला. कडकनाथच्या मांसाला झाबुआच्या नावाने २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उवांना ते कळवायचं राहून गेलं असावं. काळ्या पिसांत त्या पिवळ्या उवा उलट जास्त छान दिसतात.

या लोकांना मी एक गोष्ट सांगतो. युरोपात २०१७ च्या उन्हाळ्यात कोट्यवधी अंडी दुकानांतून उचलून नष्ट करावी लागली. नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी, आणि मग डझनावारी देश. अंड्यांत फिप्रोनिल सापडलं होतं. हे आपल्याकडे भात आणि उसावर मारतात ते औषध, आणि युरोपात खाण्याच्या जनावरांवर त्याला सक्त मनाई. ते अंड्यात कसं आलं? लाल माइट मारायला. शेड धुऊन देणाऱ्या लोकांनी निलगिरी आणि मेंथॉलच्या वासाचं 'नैसर्गिक' द्रावण म्हणून ते मारलं आणि आत फिप्रोनिल मिसळलेलं होतं. शेतकरी खूश, कारण माइट खरंच मेली. हे औषध चरबीत विरघळतं, म्हणून पिवळ्या बलकात जाऊन बसतं. तिथे पकडलं गेलं, कारण तिथे कोणीतरी तपासत होतं. आपल्या आठवडी बाजारात टोपलीत भुशावर मांडलेलं गावरान अंडं उचलून तपासणारा माणूस मी कधी पाहिलेला नाही. पोल्ट्रीचं अंडं निदान एखाद्या कंपनीच्या नावाने येतं, गावरान अंडं फक्त आपल्या भाबडेपणाच्या नावाने येतं.

तीच गोष्ट इव्हरमेक्टिनच्या सुईची. गावात गुरांना सुया टोचणारा जो कोणी असतो तो कोंबडीलाही एक थेंब देऊन जातो. अमेरिकेत आणि युरोपात अंड्यावरच्या कोंबडीसाठी ते मान्य औषध नाही, कारण तेही बलकात उतरतं. इथे सुई टोचल्याच्या दुसऱ्या दिवशीचं अंडं बाळंतिणीच्या ताटात जातं. पौष्टिक म्हणून.

पशुवैद्यकाकडे जा म्हणावं, तर तिथलंही ऐका. माझ्या ओळखीतली एक काकू पिशवीत कोंबडी घालून तालुक्याच्या ठिकाणी गेली. उत्तर मिळालं, "अहो, कोंबडी काय आणता, कापून खा." तिथे बसलेल्यांनी हसून दाद दिली. गाय नेली असती तर कोणी हसलं नसतं. पण त्या काकूच्या घरात गाईचा पैसा नवऱ्याच्या खिशात जातो. अंड्याचा, तलंगांचा, एखाददुसऱ्या कोंबड्याचा पैसा तेवढा तिच्या हातात राहतो. पोरांच्या वह्या, हळदीकुंकवाचं वाण, माहेरी जायचं एसटीचं भाडं त्यातून निघतं. माइट रक्त पिते ते या बाईच्या पैशाचं. अंडी घटली की घरात कोणी विचारत नाही, कारण हिशेबात ती कधी नव्हतीच.

सरकारला मात्र परसातली कोंबडी फार आवडते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी सुमारे ३१.७ कोटी निघाले, २०१२ पेक्षा ४६ टक्के जास्त. आकडा वाढला की फोटो निघतात. एक दिवसाची पिल्लं वाटतात, गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, टाळ्या वाजतात, पिल्लं खोक्यातून घरी जातात. राणीखेतची लस द्या म्हणतात, ते बरोबरच. पण ज्या खुराड्यात ती पिल्लं जाणार त्याच्या भेगेत काय आहे ते पाहायला कोण गेलं? २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा घरोघरच्या कोंबड्या मोजून मारायला पथकं वेळेवर पोचली होती. जगवायला पथक लागत नाही, रात्रीची बॅटरी धरायला शिकवणारा एक माणूस पुरे. तो अजून यायचा आहे.

आणि जुनं जे खरोखर चांगलं होतं ते आपणच मोडलं. घरामागे चुलीच्या राखेचा ढीग असायचा, शेजारी सुकी माती. कोंबड्या दुपारी तिथे खड्डा करून लोळायच्या, राख पिसांत घुसवायच्या आणि झटकायच्या. त्यांची ती आंघोळ. उवा आणि माइट आटोक्यात ठेवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमधल्या संशोधकांनी अशी लोळण्याची पेटी देऊन पाहिली. त्यात डायटम, केओलिन आणि गंधक आलटून पालटून घातलं. गंधक सगळ्यांत सरस ठरलं. इतकं की ज्या कोंबड्या पेटीत फारशा उतरल्या नाहीत त्यांचीही माइट गेली. द्राक्षवाल्यांच्या तालुक्यात गंधकाची पावडर पोत्याने मिळते. चुलीची कोरडी राख तर परवापर्यंत घरची होती. आता गॅस आला, परसात पेव्हर ब्लॉक बसले, राखेचा ढीग 'घाण' म्हणून उचलला गेला. कोंबडीला लोळायला जागा नाही, तिच्या अंगावर कीड चढली, तर आता बादली आणि बूच. राख पावसाळ्यात छपराखाली, कोरडी ठेवावी लागते, ओली राख कातडी जाळते. एवढी अक्कल आजीला होती.

चोच कापलेल्या पोल्ट्रीच्या कोंबडीवर कीड जास्त चढते हेही सिद्ध झालेलं आहे, कारण तिला पिसं विंचरता येत नाहीत. आपल्या गावठी कोंबडीला निसर्गाने चोच दिली, माती दिली, ऊन दिलं. यातलं चोचेशिवाय बाकी सगळं आपण काढून घेतलं.

तर करायचं काय? दांड्या काढता येतील अशा ठेवा. भिंतीत गाडलेली दांडी म्हणजे माइटला दिलेला सातबारा. दांड्या बाहेर काढून उकळतं पाणी ओता, प्रत्येक खोबणीत, प्रत्येक फटीत. उष्णता तिला सोसत नाही, युरोपात काही ठिकाणी रिकामी शेडच ४५ अंशांच्या वर तापवतात ती त्यामुळेच. फटी बुजवा, वर चुना मारा, खाली पडलेला पेंढा जाळा. आठवड्याने पुन्हा, कारण अंडी राहिलेली असतात. दांडी पायांवर उभी असेल तर पायांखाली तेलाच्या वाट्या ठेवा. आणि बाजारातून नवी कोंबडी आणली की त्याच रात्री जुन्यांत सोडू नका, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, पंखाखाली आणि शेपटीखाली पाहा. हे काम अंगमेहनतीचं आहे, फोटो चांगला येत नाही.

उवा खरोखर असतील आणि राखेने आवरत नसतील, तर औषध जरूर वापरा. मी औषधाचा शत्रू नाही. पण कोंबड्यांसाठी बनलेलं, पशुवैद्यकाने नाव आणि मात्रा कागदावर लिहून दिलेलं. सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी, संध्याकाळी, शेपटीखाली आणि पंखाखाली. लिखांवर औषध चालत नाही, म्हणून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा. आणि पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस ती अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. इथेच घोडं अडतं. फेकायला हात होत नाही, तेव्हा शेजारणीला 'घरचीच आहेत' म्हणून देतात. ज्या २०१७ साली युरोपात फिप्रोनिलचा गोंधळ झाला त्याच साली तिथे फ्लुरालानर नावाचं औषध कोंबड्यांसाठी मंजूर झालं. पिण्याच्या पाण्यातून, आठवड्याच्या अंतराने दोनदा, आणि अंडी न फेकता. म्हणजे सुरक्षित इलाज शोधता येतो, शोधायची इच्छा असेल तर. आपल्याकडे त्या जागी अजून बूच आहे.

पायांचं एक राहिलं. कोंबडीच्या पायाचे खवले उचलले गेले, पाय खडबडीत आणि जाड झाले, तर ती तिसरीच माइट. खवल्यांच्या आत बोगदे करून राहते. तिच्यावर रॉकेल, डिझेल, जळकं ऑइल चोळणारे महाभाग आहेत. पाय भाजून निघतात. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून, जुन्या ब्रशने हलके घासून, व्हॅसलीन किंवा खोबरेल जाड थापायचं आणि काही आठवडे थापत राहायचं. खवले उपटायचे नाहीत. रॉकेलवाल्यांनी आधी स्वतःच्या पायावर चोळून पाहावं, मग बोलू.

माझं म्हणणं कोणाला कडवट वाटेल. वाटू दे. पण ज्याने या वर्षात एकदाही खुराड्यातली दांडी काढून उन्हात ठेवलेली नाही, ज्याच्या गोठ्याच्या फळीवर अर्धी वापरलेली, लेबल गेलेली बाटली आहे आणि जो औषध मारल्याच्या दुसऱ्या दिवशीची अंडी बाजारात नेतो, त्याने टोपलीवरची 'गावरान' ही पाटी उतरवावी. आणि घेणाऱ्यांनो, पुढच्या वेळी भाव करण्याआधी त्याला विचारा की शेवटचं औषध कोणतं मारलं आणि कधी. तो गडबडला तर पोल्ट्रीचं अंडं घ्या.